ट्रॅक्टरचा ब्रेकचा दिवा विझत नसेल तर

गळिताचा हंगाम सुरू झाला की आमच्या भागातल्या रस्त्यांना रात्र अशी उरत नाही. संध्याकाळी शिवारातून निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या पहाटेपर्यंत कारखान्याच्या वाटेवर असतात. मागच्या हंगामातली गोष्ट. अकलूज-टेंभुर्णी रस्त्याच्या कडेच्या एका गावात हरभऱ्याच्या घाटे अळीवरची बैठक आटोपून मी मोटारसायकलवर परत निघालो होतो. दिवस मावळला होता. पुढे एक ट्रॅक्टर आणि त्यामागे उसाने भरलेली ट्रॉली. ट्रॉलीचे मागचे दोन्ही लाल दिवे चांगले भडक पेटलेले होते.

मला वाटले, गडी ब्रेक मारतोय. मी वेग कमी केला. पण ट्रॉली आपली पुढे चाललेलीच. थोड्या वेळाने पुन्हा तेच. किलोमीटरभर असे झाल्यावर मी त्या दिव्यांकडे लक्ष देणेच सोडून दिले. माणूस किती वेळ फसणार? आणि नेमके तेव्हाच पुढे म्हशी आडव्या आल्या आणि ट्रॅक्टर खरोखरच थांबला. दिवे जसे होते तसेच. मला कळले तेव्हा ट्रॉलीबाहेर आलेले उसाचे शेंडे तोंडासमोर आले होते. गाडी कशीबशी साईडपट्टीवर घातली, खडीवर घसरलो, गुडघा फुटला. सोबत कुणी मागे बसलेले नव्हते हे नशीब म्हणायचे.

चालवणारा पोरगा धावत आला. विशीतला असेल. "सायेब, लागलं का जास्त?" त्याने हात देऊन उठवले, गाडी उभी केली. मी विचारले, "अरे, तुझा ब्रेकचा दिवा सारखा का जळतोय?" तर तो म्हणाला, "जळतोय न्हवं? मग चांगलंच की! मागनं दिसतंय तरी."

शेतकरी बंधूंनो, त्या पोराचे हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. एरवी या पानावर मी खता-बियाण्यांविषयी, कीड-रोगांविषयी लिहितो. आज दिव्याविषयी लिहितोय ते या वाक्यामुळे. कारण असे वाटणारा तो एकटा नाही.

दिवा कुणासाठी असतो?

ट्रॅक्टरला मागे दोन प्रकारचे लाल दिवे लागतात. एक मंद. रात्री दिव्यांचे बटण चालू केले की तो लागतो आणि सांगतो, "पुढे वाहन आहे." दुसरा त्यापेक्षा बराच भडक. तो फक्त ब्रेकवर पाय पडला की लागायला हवा आणि पाय उचलला की विझायला हवा. तो सांगतो, "मी थांबतोय, तूही थांब." केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्येही ब्रेकचा दिवा लाल असावा आणि ब्रेक वापरला की लागावा असेच सांगितले आहे.

आता हा भडक दिवा सतत जळत राहिला तर तो काय सांगणार? काहीच नाही. रोज विनाकारण भुंकणाऱ्या कुत्र्याकडे चोर आला तरी कोण बघतो? तसेच होते. उलट मागचा मंद दिवा त्या भडक उजेडात झाकून जातो. दिवा अजिबात न लागणे आणि कायम लागलेला असणे, मागच्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच.

हिशेब करून बघा. ताशी ५० किलोमीटर वेगाने येणारी मोटारसायकल एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते. पुढचा थांबलाय हे डोक्यात शिरून पाय ब्रेकवर पडायला दीड सेकंद लागला, तर तेवढ्यात गाडी सुमारे २१ मीटर, म्हणजे जवळजवळ ७० फूट पुढे गेलेली असते. ब्रेक लागायला सुरुवात होते ती त्यानंतर. ब्रेकचा दिवा मागच्याला हा अर्धा-एक सेकंद मिळवून देतो. त्याचे मोल एवढेच, आणि एवढे मोठे.

बॅटरीला शिव्या, दोष दिव्याचा

दुसऱ्या दिवशी गुडघ्याला पट्टी बांधून मी त्या पोराच्या घरी गेलो. ट्रॅक्टर त्याच्या चुलत्यांचा, त्यांना सगळे तात्या म्हणतात. तात्यांनी आधी चहा पाजला, मग बॅटरीचे रडगाणे सुरू केले. "दोन वर्सांत दुसरी बॅटरी घातली सायेब. सकाळी किल्ली मारली की नुसतं टक-टक. रोज चार माणसं धक्का द्यायला. बॅटरीवाल्यानं फसवलं बघा."

बॅटरीवाल्याने फसवले नव्हते. मागच्या प्रत्येक दिव्यातली ब्रेकची तार साधारण २१ वॅटची असते. ट्रॅक्टरचे दोन दिवे म्हणजे ४२ वॅट. १२ व्होल्टच्या बॅटरीतून त्यासाठी साडेतीन अँपिअर प्रवाह जातो. रात्रीच्या दहा तासांत ३५ अँपिअर-अवर गेले. ट्रॅक्टरची बॅटरी साधारणपणे ७५ ते ९० अँपिअर-अवरची असते. म्हणजे एका रात्रीत निम्म्याच्या आसपास बॅटरी उतरली. ट्रॉलीचा प्लग जोडलेलाच राहिला तर हिशेब दुप्पट. असे रोज होत राहिले तर कुठली बॅटरी टिकेल? काही ट्रॅक्टरांत किल्ली काढली की ब्रेकच्या दिव्याचा प्रवाह बंद होतो, काहींत होत नाही. तात्यांचा ट्रॅक्टर दुसऱ्या प्रकारचा होता.

हे बोलणे चालू असताना काकू दारातून म्हणाल्या, "रातीला गोठ्याच्या भिताडावर लाल उजेड पडतोय की रोज. मला वाटलं, असंल काहीतरी कंपनीचंच."

बघा, म्हणजे दोष घरात दिसत होता. पण ज्यांना दिसत होता त्यांना तो दोष आहे हे माहीत नव्हते, आणि ज्याला माहीत असायला हवे तो कायम ट्रॅक्टरच्या पुढच्या बाजूला बसलेला! ब्रेकचा दिवा ही ट्रॅक्टरची अशी वस्तू आहे की जी चालवणाऱ्याला चालवताना दिसत नाही.

स्विच चालतो कसा?

दोष शोधण्याआधी हे समजून घेऊ. ब्रेकच्या पेडलजवळ एक छोटा स्विच असतो. त्याला दोन वायरी आणि पुढे एक बारीक दांडी. बहुतेक ठिकाणी रचना अशी असते : पेडल वर, म्हणजे मोकळे असताना ते या दांडीला दाबून धरते. दांडी दाबलेली असेपर्यंत दिवा बंद. पेडलवर पाय दिला की ते दांडीपासून लांब जाते, आतली स्प्रिंग दांडी बाहेर ढकलते आणि दिवा लागतो. फ्रिजचे दार उघडले की आतला दिवा लागतो ना, तसेच. काही ट्रॅक्टरांत दांडीऐवजी स्प्रिंगने ओढला जाणारा स्विच असतो, पण तत्त्व तेच.

म्हणजे दिवा सतत लागण्याची कारणे चारच घरांत सापडतात. पेडल पूर्ण वर येत नाही, पेडल वर येते पण दांडी दाबली जात नाही, स्विच आतून बिघडला, किंवा वायरिंग-बल्बमध्ये घोटाळा. यातले आपले घर कोणते हे क्रमाने तपासले तर दहा-पंधरा मिनिटांत कळते. हत्यारे फारशी लागत नाहीत. एक माणूस मागे उभा करायचा, एकाने पुढे बघायचे.

क्रमाने तपासा

सुरुवातीला ट्रॅक्टर सपाट जागेवर घ्या, इंजिन बंद करा, गिअर टाका आणि चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. हँडब्रेकच्या भरवशावर पेडलखाली डोके घालू नका. आता फक्त किल्ली चालू करा, दिव्यांचे बटण बंद ठेवा.

पहिली पायरी : आधी खात्री करा की जळतो तो ब्रेकचाच दिवा. दिव्यांचे बटण बंद असतानाही भडक दिवा जळत असेल तर तो ब्रेकचा. बटण बंद करताच विझत असेल, तर दोष स्विचचा नसून बल्ब किंवा वायरिंगचा आहे. त्याविषयी पुढे पाचव्या पायरीत सांगतो.

दुसरी पायरी : पेडलखाली बोटे घालून ते वर उचला. दिवा विझला तर पेडल पूर्ण वर येत नाही हे नक्की. कारणे साधी असतात. चिखलणीत किंवा रोटाव्हेटरच्या कामात पेडलखाली चिखल बसून वाळतो. उसाचे पाचट, सुतळी, पोत्याचा तुकडा अडकतो. परत ओढणारी स्प्रिंग तुटते किंवा ढिली पडते. पेडलच्या बुशिंगला ग्रीस मिळत नाही म्हणून ते गंजून अडते. साफ करा, ग्रीस मारा, स्प्रिंग बदला.

इथेच दोन गोष्टी खास ट्रॅक्टरच्या आहेत. अनेक ट्रॅक्टरांत हँडब्रेक म्हणजे वेगळे काही नसते. पेडल दाबून एक खटका ओढला की पेडल खालीच अडकून राहते. हा खटका पूर्ण सुटला नाही तर पेडल दात-दोन दात खाली राहते, दिवा जळतो आणि ब्रेकही थोडा लागलेला राहतो. दुसरे असे की ट्रॅक्टरला डावे-उजवे दोन पेडल असतात. रस्त्यावर ते कडीने जोडलेलेच हवेत, नाहीतर एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर फिरतो. पण दोन्ही पेडलांची मोकळी चाल सारखी नसेल तर कडी लावल्यावर एक पेडल दुसऱ्याला खाली ओढून धरते. कडी काढली की दिवा विझतो, लावली की जळतो, असे दिसले तर दोन्ही बाजूंचे ब्रेक पुस्तिकेप्रमाणे सारखे जुळवून घ्या. दिवा विझतो म्हणून कडी काढून रस्त्यावर जाऊ नका!

तिसरी पायरी : पेडल वर आहे तरी दिवा जळतोय, तर स्विचची दांडी बोटाने दाबून बघा. दिवा विझला तर स्विच चांगला आहे, फक्त त्याला कुणी दाबत नाही. तात्यांच्या ट्रॅक्टरला हेच निघाले. पेडलच्या पट्टीला जिथे दांडी टेकते तिथे रबराचे एक छोटे बटण बसवलेले असते. ऊन, तेल आणि वय यांनी ते कडक होऊन फुटते. मग तिथे राहते नुसते भोक, आणि दांडी त्या भोकातून आरपार जाते. पेडल वर आहे की खाली याचा स्विचला पत्ताच नाही! तात्यांच्या पेडलखाली चिखलात त्या रबराचे दोन तुकडेही सापडले. ते तळहातावर घेऊन तात्या बराच वेळ बघत बसले. "ह्याच्यापायी दोन बॅटऱ्या?" म्हणाले.

हे बटण किरकोळ किमतीत मिळते. मिळेपर्यंत त्या भोकात गुळगुळीत डोक्याचा छोटा बोल्ट नट लावून घट्ट बसवला तरी काम भागते. बटण शाबूत असेल पण दांडीपर्यंत पोचत नसेल, तर स्विचचे लॉकनट सैल करून स्विच थोडा पुढे घ्या आणि नट पुन्हा आवळा. स्विच इतकाही पुढे घेऊ नका की तो पेडललाच ढकलेल. पेडल थोडे दाबले की दिवा लागावा, सोडले की विझावा, एवढेच जुळवायचे.

चौथी पायरी : दांडी दाबूनही दिवा जळतोच आहे, तर स्विचच्या दोन्ही वायरी काढा. त्या एकमेकींना किंवा पत्र्याला लागू देऊ नका. आता विझला तर स्विच आतून चिकटला आहे. तो उघडून घासत बसण्यापेक्षा बदला. घेताना जुना सोबत न्या, कारण दांडीची लांबी आणि आट्यांचे माप वेगवेगळे असते.

पाचवी पायरी : स्विच काढूनही दिवा जळतोय. म्हणजे प्रवाह स्विचला वळसा घालून दुसऱ्या वाटेने दिव्यापर्यंत जातोय. आधी ट्रॉलीचा प्लग काढा. ट्रॅक्टरचे दिवे विझले तर दोष ट्रॉलीकडे आहे. नाही विझले तर ट्रॅक्टरच्या वायरिंगमध्ये. वायर जिथे पत्र्याच्या धारेवरून जाते, जिथे सायलेन्सरजवळ येते, जिथे उंदराने कुरतडली आहे, ती ठिकाणे बघा. त्यानंतर कुणी हौसेने जोडलेले टेप, रंगीत दिवे, जादा हॉर्न यांच्या वायरी बघा. मागच्या बाजूची जी वायर हाताला लागेल तिला जोड मारून दिलेला असतो आणि घोटाळा तिथेच असतो.

बल्बही काढून बघा. मागच्या दिव्यात बहुधा दोन तारांचा बल्ब असतो, २१ वॅटची तार ब्रेकची आणि ५ वॅटची तार मागच्या मंद दिव्याची. त्याच्या दोन खुंट्या मुद्दाम वर-खाली असतात, म्हणजे बल्ब उलटा बसू नये. तरी घाईत तो जोर लावून उलटा बसवला जातो, मग भडक तार मंद दिव्याच्या जागी जळते. कधी दोन तारांच्या होल्डरमध्ये एका तारेचा बल्ब कोंबला जातो. तो होल्डरचे दोन्ही टोक एकत्र जोडतो. मग दिव्यांचे बटण लावताच ब्रेकचा भडक दिवा लागतो. पहिल्या पायरीत बटणाबरोबर विझणारा दिवा म्हटले तो बहुधा हाच. आणि कधी जुन्या बल्बमधली एक तार तुटून दुसरीवर पडते, त्यानेही हाच खेळ होतो.

ट्रॉलीची अर्थिंग, नेहमीचे दुखणे

तात्यांचे रबराचे बटण बदलले, ट्रॅक्टरचे दिवे शहाण्यासारखे वागू लागले. मग ट्रॉली जोडली. दिव्यांचे बटण लावले तर ब्रेक न दाबताच मागचे सगळे दिवे मळकट, तांबूस जळू लागले. ब्रेक दाबला तर फरकच दिसेना. हा दुसरा दोष, आणि ट्रॉल्यांमध्ये सर्वात जास्त आढळणारा.

बॅटरीतून निघालेला प्रवाह दिव्यातून जाऊन अर्थ म्हणजे लोखंडी सांगाड्यातून परत यावा लागतो. पुष्कळ ट्रॉल्यांना अर्थची वेगळी वायरच नसते. हूकच्या पिनमधून जो काही संबंध येईल त्यावर काम चालते. पिनला ग्रीस, चिखल आणि गंज. मग प्रवाहाला परतीची वाट मिळत नाही आणि तो ब्रेकच्या तारेतून उलटा शिरून दुसऱ्या दिव्यांमधून वाट काढतो. म्हणून सगळेच दिवे थोडे थोडे जळतात आणि चांगला एकही जळत नाही. इंडिकेटर लावला की ब्रेकचा दिवा मिचमिचतो, तेही याच कारणाने.

उपाय सोपा आहे. प्लगमधून ट्रॉलीच्या सांगाड्यापर्यंत अर्थची स्वतंत्र वायर ओढा. सांगाड्यावर जिथे ती बसवायची तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरने चकचकीत घासून बोल्टने आवळा आणि वरून थोडे ग्रीस लावा. त्याच ट्रॉलीतून तुम्ही युरिया, पोटॅश, शेणखत वाहता. खताचा ओलावा पितळेच्या पिना आणि वायरीची तोंडे खाऊन टाकतो. खत वाहिल्यावर ट्रॉली धुताना प्लगला प्लॅस्टिकची पिशवी बांधा, आणि हंगामाच्या आधी पिना घासून घ्या.

दिवा खरे बोलत असेल तर?

एक गोष्ट विसरू नका. कधी कधी दिवा जळतो कारण ब्रेक खरोखरच लागलेला असतो. पेडलला मोकळी चाल उरली नाही किंवा खटका अर्धवट राहिला तर ब्रेक घासत राहतो. ट्रॅक्टर जड ओढतो, डिझेल जास्त खातो, सपाट रस्त्यावर न्यूट्रल केला की लगेच थांबतो, मागच्या चाकाजवळ ब्रेकच्या घराला हात जवळ नेला तर झळ लागते, जळका वास येतो. अशा वेळी स्विच जुळवून दिवा विझवणे म्हणजे ताप असताना थर्मामीटर फोडण्यासारखे आहे. आधी ब्रेक मोकळा करून घ्या.

जुन्या जीपांत आणि काही पिकअपमध्ये स्विच पेडलजवळ नसून ब्रेक ऑइलच्या नळीवर असतो. ऑइलचा दाब वाढला की दिवा लागतो. तिथे पाय काढल्यावरही दिवा जळत असेल तर एकतर स्विच गेला किंवा नळीतला दाब उतरत नाही. दाब उतरत नसेल तर ब्रेक चिकटून ड्रम तापतात. हे काम घरी करू नका, चांगल्या मिस्त्रीकडे न्या. नव्या पिकअप आणि मोटारींत हाच ब्रेकचा स्विच गाडीच्या संगणकालाही खबर देतो. तिथे वायरीशी खेळ केला तर गाडीच रुसून बसते.

मोटारसायकलचे काय?

आपल्या गावात ट्रॅक्टरपेक्षा मोटारसायकली जास्त. एक गैरसमज आधी दूर करू. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत आपोआप जळत राहतो. तो नियमच आहे, बिघाड नव्हे. मागचा ब्रेकचा दिवा सतत जळणे हा मात्र बिघाड.

दुचाकीला ब्रेकचे स्विच दोन. एक पायाच्या ब्रेकचा, एक हाताच्या ब्रेकचा. एकेकाची वायर काढून बघा, जिच्यामुळे दिवा विझेल तो दोषी. ड्रम ब्रेकच्या गाड्यांत पायाचा स्विच एका बारीक स्प्रिंगने पेडलला जोडलेला असतो. शेतवाटेचा चिखल त्यात बसतो, किंवा पेडलची उंची बदलली की स्प्रिंग ताणलेलीच राहते. स्विच हाताने धरून त्याच्या प्लॅस्टिकच्या नटाला थोडा फेरा द्या. नट फिरवायचा, स्विच नाही, नाहीतर वायरी पिळून तुटतात. हाताचा स्विच बारीक असतो, धुळीने चिकटतो. लिव्हर बोटाने पुढे ढकलल्यावर दिवा विझत असेल तर तिथे साफसफाई हवी.

हे करू नका

तात्यांच्या पुतण्याने आदल्या रात्रीच एक उपाय सुचवला होता, "वायरच तोडून टाकतो सायेब, कटकट नको." असा उपाय पुष्कळजण करतात. बॅटरी वाचते, पण मागच्याला कळायचे राहते ते राहतेच. वायर तोडू नका, बल्ब काढून ठेवू नका. फ्यूज सारखा जातो म्हणून त्याजागी जाड तार किंवा सिगारेटची चांदी घालू नका. वायर तापून ट्रॅक्टरने पेट घेतला तर भरलेल्या उसाच्या पाचटासमोर तुमचा काय इलाज चालणार? वायरिंगला हात घालण्याआधी बॅटरीची अर्थची, म्हणजे उणे खुणेची केबल काढा. ती शेवटी लावा.

दुरुस्ती झाली की खात्री करा. सोबत कुणी नसेल तर संध्याकाळी ट्रॅक्टरची पाठ गोठ्याच्या भिंतीकडे करून ब्रेक दाबा आणि सोडा, भिंतीवरचा उजेड वाढला-उतरला की काम झाले. किंवा मोबाईल मागे ठेवून चित्रण करा आणि बघा.

गावाने काय करावे?

सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायतीच्या कारभाऱ्यांना एक विनंती. हंगामाच्या तोंडावर एक संध्याकाळ ठरवा. गावातले ट्रॅक्टर-ट्रॉल्या चावडीसमोर एका ओळीत उभे करायला सांगा. एकाने पेडल दाबायचे, एकाने मागे उभे राहून बघायचे. जवळच्या आयटीआयमध्ये शिकणारी गावातलीच पोरे अशा कामाला आनंदाने येतात. ज्यांचे दिवे बरोबर नाहीत त्यांची नावे फळ्यावर लिहून लाजवायचे नाही, त्यांना त्याच वेळी दुरुस्त करून द्यायचे. ट्रॉलीला मागे लाल परावर्तक पट्ट्या नसतील तर त्याही तेव्हाच लावाव्यात. आणि सुरुवात ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टँकरपासून आणि घंटागाडीपासून करा, म्हणजे कुणाला बोलायला जागा राहणार नाही.

शेतकरी बंधूंना दुसरी विनंती. हा दोष चालवणाऱ्याला दिसत नाही, म्हणून तो सांगायचे काम मागच्याचे आहे. पुढच्या ट्रॅक्टरचा दिवा सारखा जळताना दिसला तर नुसते हॉर्न वाजवत पुढे जाऊ नका. पुढच्या चौकात, कारखान्याच्या गेटवर, चहाच्या टपरीवर त्याला थांबून सांगा. "दादा, तुझा ब्रेकचा दिवा विझत नाही, बघून घे." एवढे एक वाक्य पुरे. मी त्या संध्याकाळी किलोमीटरभर त्याच्या मागे होतो. पुढे होऊन सांगता आले असते. सांगितले नाही, ही माझी चूक.

परवा पुन्हा त्या गावी जाणे झाले. तात्यांचा ट्रॅक्टर पहिल्या किल्लीला सुरू होतो म्हणाले. काकूंनी आवर्जून सांगितले, "भिताडावर आता उजेड न्हाई पडत." आणि तो पोरगा आता ट्रॉली घेऊन निघताना रोज मागे एकाला उभे करतो आणि ओरडतो, "लागला का? आता इझला का?"